घरची वही : सणावारांतील कोरी पाने

गणपती गेले. आम्हां पळस्पेकरांना हे पंचांगावरून कळत नाही, रस्त्यावरून कळते. मुंबईहून पनवेलीवरून आलेला रस्ता आमच्या गावापाशी दुभंगतो. एक फाटा खंडाळ्याचा घाट चढून पुण्यास जातो आणि दुसरा शिरढोणवरून कर्नाळ्याच्या पायथ्याने कोकणात उतरतो. भाद्रपद लागला की ह्या दुसऱ्या फाट्यावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रात्रंदिवस रीघ लागते; आमच्या ओटीवर बसून बोलणाऱ्यास आवाज चढवावा लागतो. गौरी पाण्यात गेल्या की तीच रीघ उलटी वाहू लागते, आणि अनंत चतुर्दशी उलटल्यावर एके रात्री ती ओसरते. मग शांतता होते. शांतता म्हणजे मालमोटारींचा नेहमीचा घरघराट एवढेच. परंतु आमच्या कानांना ती शांतताच वाटते.

ह्याच शांततेत मी हे लिहावयास बसले आहे. निमित्त एका वाचक-भगिनीच्या पत्राचे. त्या लिहितात की, त्यांना रोज रात्री निजण्यापूर्वी चार ओळी लिहिण्याची सवय आहे. परंतु हरितालिकेला लेखणी खाली ठेवली की ती तुळशीच्या लग्नापर्यंत हाती येत नाही, आणि पुढे हाती आली तरी शब्द सुचत नाही. ह्यास उपाय काय? पत्र अगदी साधे आहे, पण मला ते वाचून दोन दिवस चैन पडले नाही. कारण ह्या प्रश्नाशी आमच्या घरची एक जुनी गोष्ट जोडलेली आहे, आणि तीत माझा अपराध आहे. उपायाचे पुढे पाहू. आधी ती गोष्ट सांगते.

माझ्या सासूबाई १९५२ पासून वही लिहीत. वही म्हणजे काही चामडी पुठ्ठ्याची रोजनिशी नव्हे. मुलांच्या शाळेच्या वह्यांतील उरलेली कोरी पाने फाडून, ती दाभणाने टोचून, सुतळीने शिवलेली ती वही असे. अशा सत्तावीस वह्या त्यांच्या पश्चात आम्हांस मिळाल्या. शिक्षण मराठी चौथीपर्यंत; अक्षर मात्र मोत्यासारखे. लिहीत काय, तर विहिरीला किती पायऱ्या पाणी आहे, कोणती गाय आटली, भात झोडून किती मण झाले, पनवेलीच्या बाजारात मिरची काय भावाने मिळाली, कोण आले, कोण गेले, कोणाला ताप आला, कोणाच्या मुलीला कोठे दाखविले. भावनेचा शब्द शोधून सापडावयाचा नाही. २०११ साली आमच्या ह्या गोव्याच्या रस्त्याचे पळस्प्यापासून इंदापूरपर्यंतचे रुंदीकरण सुरू झाले, त्याचीही नोंद त्यांच्या शेवटच्या वहीत आहे. पण ती ‘पापडांवर धूळ’ एवढ्याच शब्दांत.

ह्या वह्यांना घरात मोठा मान होता. दोघा भावांत, जावाजावांत किंवा कुळाशी काही शब्दाला शब्द लागला की मामंजी म्हणत, ‘वही काढा.’ वहीत असेल ते प्रमाण. कोणाचे किती देणे, कोणी कधी काय नेले, हे तेथे तारखेसह सापडे आणि वाद मिटे. परंतु ह्या वह्यांत एक गोष्ट सालोसाल सारखीच आढळते. हरितालिकेच्या दिवशी ‘सण’ एवढाच एक शब्द, आणि पुढे कोरी जागा. नवरात्रात पुन्हा ‘सण’. दिवाळीत पुन्हा तेच. कोंबडीच्या भावासही जेथे जागा मिळाली, त्या वहीत गणपतीला जागा नव्हती! (कोंबडी आम्ही खात नाही, पण शेजारी विकत, म्हणून भाव लिहिलेला.)

१९८३ सालची गौर. आमच्याकडे खड्यांच्या गौरी. पाणवठ्यावरून सात खडे आणावयाचे, मुक्याने घरात यावयाचे, आणि दुसऱ्या दिवशी घावन-घाटल्याचा नैवेद्य. त्या साली पंक्तीला पंचवीसएक पाने होती. मामंजींची धाकटी बहीण, आम्ही तिला आत्याबाई म्हणत असू, तरुणपणीच विधवा झालेली. ती पेणला दिराच्या कुटुंबात राही आणि गौरीला न चुकता माहेरी येई. पुरुषांची पंगत उठल्यावर मामंजी ओटीवर सुपारी कातरीत बसले होते. बोलता बोलता ते आत्याबाईंना म्हणाले की, विहिरीजवळच्या दोन हापूस कलमांचे उत्पन्न तू आहेस तोवर तुझे. मी त्या वेळी आत बायकांच्या पंगतीची पाने मांडीत होते. मला केवळ बाहेरचे हसणे ऐकू आले. सासूबाई मात्र दाराशी उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकले.

रात्री सर्व आवरल्यावर त्यांनी फडताळावरची वही खाली काढली. त्यांचे डोळे झोपेने मिटत होते. पहाटे चारपासून त्या पायांवर उभ्या होत्या आणि दुसऱ्या दिवशी विसर्जन होते. मी म्हटले, ‘आई, आज जरा पाठ टेका. उद्या लिहा.’ त्यांनी वही हातात क्षणभर तशीच धरली, ‘बरे,’ म्हणाल्या, आणि परत ठेविली. मी हे मायेने म्हटले. ह्यात शंका नाही. पण उद्या विसर्जन, परवा पाहुण्यांची बोळवण, तेरवा धाकट्याला ताप. ते लिहावयाचे राहिले ते राहिलेच.

पुढच्या उन्हाळ्यात मामंजींनी स्वतः त्या कलमांचे पैसे पेणला पोहोचविले. १९८५ च्या आरंभी ते वारले. त्या साली दुःखात आंब्यांचा हिशेब कोणी केला नाही. १९८६ च्या वैशाखात मात्र प्रश्न निघाला. सासूबाई म्हणाल्या, वन्संना हयातभर म्हणून दिले आहे. धाकटे मामंजी म्हणाले, दादा त्या सालापुरते बोलले. पुढे दिले ते हौसेने दिले, ठरले असे काही नव्हते. कोणी खोटे बोलत होते असे मला आजही वाटत नाही. दोघांनी आपापल्या कानांनी ऐकले तेच दोघे सांगत होते. शेवटी धाकटे मामंजी अगदी सरळपणे म्हणाले, ‘वहिनी, वही काढा. वही म्हणेल ते मला मान्य.’

वही काढली. १९८३, भाद्रपद. ‘सण.’

पैशांची बाब म्हणाल तर क्षुल्लक. आत्याबाईंनी ‘मला म्हातारीला आंबे किती लागतात’ म्हणून विषय मिटविला. पण त्या वर्षी गौरीला गुडघे दुखतात असा निरोप आला, पुढच्या वर्षी तोच निरोप आला, आणि नंतर निरोपही येईनासा झाला. त्या पुन्हा ह्या घरात आल्या नाहीत.

सासूबाईंनी मला कधी एका शब्दानेही बोल लाविला नाही. त्यांना ती रात्र आठवत होती की नाही, हेही मला कळले नाही. ते कळले त्या गेल्यावर, २०१३ साली, वह्या चाळताना. १९८६ पासून पुढे एकाही सणाला जागा कोरी नाही. प्रत्येक सणाच्या दिवशी एक ओळ आहे. अशी पहिली ओळ त्याच वर्षीच्या गौरीची: ‘गौरी. पंक्तीला सतरा. वन्सं आल्या नाहीत.’

आता पत्रलेखिकेच्या प्रश्नाकडे वळते. आमच्या सवयी सणांत का मोडतात? वेळ मिळत नाही म्हणून, असे आपण म्हणतो. ते अर्धेच खरे आहे. एक ओळ लिहावयास किती वेळ लागतो? खरी गोष्ट अशी की, एरव्हीच्या दिवशी आपण एका ओळीवर समाधान मानतो, आणि सणाच्या दिवशी ते मानीत नाही. आज एवढे झाले, एवढी माणसे आली, एवढे बोलणे झाले. हे सारे नीट, सविस्तर, स्वस्थपणे बसून लिहू असे मनात येते. आणि स्वस्थपणा काही मिळत नाही. मोठे लिहावयाचे म्हणून लहानही लिहिले जात नाही. पुढे चार दिवस उलटले की मागचे देणे साचल्यासारखे वाटते आणि वही उघडण्याचीच लाज वाटू लागते. उधारी थकलेला मनुष्य वाण्याच्या दुकानावरून जाणे टाळतो, त्यातलाच हा प्रकार.

सासूबाईंनी काय केले ते वह्यांवरून दिसते. पहिले म्हणजे वही फडताळावरून स्वयंपाकघरात आली. १९८६ नंतरच्या वह्यांच्या पानांवर हळदीची बोटे आहेत, नारळाच्या दुधाचे डाग आहेत, एका ठिकाणी तर मोदकाच्या उकडीचा कण वाळून चिकटलेला आहे. पेन्सिल दोऱ्याने वहीसच बांधलेली. दुसरे म्हणजे लिहिण्याची वेळ रात्रीवरून दिवसावर आली. मोदकपात्र चुलीवर चढविले की वाफ धरून मोदक होईपर्यंत दहापंधरा मिनिटे तेथून हलता येत नाही आणि करण्यासारखेही काही नसते; त्या वेळी ती ओळ लिहिली जाई. रात्रीपर्यंत थांबले म्हणजे झोप जिंकते, हे त्यांना एकदाच कळले आणि पुरले. तिसरे असे की, ओळीत नेहमी एक आकडा असे, आणि एखादे नाव. पंक्तीला किती, मोदक किती, नारळ किती लागले. कोण आले, कोण आले नाही. आकडा आणि नाव एवढे असले की बाकीचे मन आपोआप आठवून देते. आज मी ‘मोदक एकशे चाळीस, पाच फुटले’ एवढे वाचते आणि त्या दुपारचा सगळा उकाडा मला आठवतो.

येथे कोणी वाचक म्हणतील, आता हे सारे कशाला? घरात पाच मोबाईल आहेत, सणाला शेकड्याने छायाचित्रे निघतात. आमची सूनही असेच म्हणते, आणि तिचे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. आत्याबाईंचे एकही छायाचित्र आमच्यापाशी धड नाही, ह्याची मला खंत आहे. परंतु छायाचित्रांत ताटे दिसतात, साड्या दिसतात, मखर दिसते. ओटीवर सुपारी कातरताना कोण काय बोलले ते त्यांत उमटत नाही. घरे मोडतात ती बहुधा अशा न उमटलेल्या वाक्यांवरून.

आमच्या घरापासून गोव्याच्या रस्त्याने थोडे पुढे गेले की शिरढोण लागते. वासुदेव बळवंत फडके ह्यांचा जन्म तेथला, १८४५ सालच्या नोव्हेंबरच्या ४ तारखेचा. पुण्यास लष्कराच्या हिशेबखात्यात नोकरी करणारा हा गृहस्थ १८७९ साली सरकारविरुद्ध उठला, रानोमाळ हिंडला, डोक्यावर छप्पर नसता, मागे पोलीस असता आपली रोजनिशी आणि आत्मवृत्त लिहीत राहिला. त्याच वर्षीच्या जुलैत ते पकडले गेले. तेव्हा हेच कागद खटल्यात त्यांच्याविरुद्ध पुरावा म्हणून उभे करण्यात आले. पुढे एडनच्या तुरुंगात १८८३ साली त्यांचा अंत झाला. लहानपणी शाळेतून आम्हांला शिरढोणला नेत, तेव्हा गुरुजी सांगत, बघा, त्यांना वेळ मिळाला, तुम्हांला गृहपाठास मिळत नाही. मला थोरांचे दाखले देऊन घरच्या माणसास असे लाजविणे मुळीच आवडत नाही. फडक्यांच्या पाठीमागे पोलीस होते हे खरे, पण पंचवीस पानांच्या पंगती नव्हत्या! तरी त्यांच्या कागदांची एक गोष्ट मी विसरू शकत नाही. लिहिलेले आपल्या हाती राहत नाही. ते कोण वाचील आणि कशासाठी वाचील, ह्यावर आपली सत्ता नाही. घरच्या वहीलाही हे लागू आहे. म्हणून सासूबाईंचा तो कोरडेपणा मला आता शहाणपणाचा वाटतो. ‘वन्सं आल्या नाहीत’ ह्यात कोणावर ठपका नाही, आणि तरी सगळे आहे.

त्यापेक्षा रमाबाई रानड्यांचे उदाहरण आपल्या घरांना जवळचे. १८७३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या रानड्यांच्या घरात आल्या आणि पतीने त्यांस शिकविण्यास आरंभ केला. घरच्या वडील बायकांना ते रुचले नाही. दिवसभर बोलणी खावी आणि रात्री धडा गिरवावा, अशी त्यांची तऱ्हा. पुढे १९१० साली त्यांचे आठवणींचे पुस्तक निघाले, त्यात न्यायमूर्तींइतकेच ते भरलेले घरही दिसते. ते वाचताना माझ्या मनात नेहमी येते की, त्या घरातील दुसऱ्या बायकांनी काही लिहिले असते तर! त्यांची बाजू आपल्याला कधी कळणार नाही. धडा गिरविणारीला हसणाऱ्या त्या बायका काही दुष्ट नसतील. मीही माझ्या सासूबाईंना ‘उद्या लिहा’ म्हटलेच की.

आणि हा मुद्दा मला स्पष्टच सांगावयाचा आहे. सणांतले लिहिणे मोडते ते केवळ लिहिणारीच्या आळसाने नव्हे. एकत्र कुटुंबात बाईने देवापुढे अर्धा तास पोथी घेऊन बसावे, कोणी हाक मारणार नाही. तिने पाच मिनिटे वही घेऊन बसावे, तिघेजण तीन कामे काढतील. पोथी हे कर्तव्य, वही ही चैन, असा आपला समज झालेला आहे. पुरुषमंडळींचीही ह्यातून सुटका नाही. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलेला मुलगा खोलीचे दार लावून लिहीत बसला तर त्यास एकलकोंडा ठरविण्यात येते.

ह्यावर मी एक युक्ती केली आहे. ती पत्रलेखिकेने खुशाल उचलावी. आपल्याकडे चातुर्मासाचे नेम असतात. कोणी कांदालसूण वर्ज्य करते, कोणी लक्ष वाती वळते, कोणी वहीत रामनाम लिहिते. नेमाचा महिमा असा की, घरात कितीही पाहुणे असोत, ‘माझा नेम राहिला आहे’ असे म्हटले की सासरे काय, पुरोहितही थांबतो. नेम मोठा नसतो, पण चुकवावयाचा नसतो. आणि करणारी आजारी पडली तर घरातले दुसरे कोणी तिच्यासाठी तो चालवून घेते. मी गेली काही वर्षे आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत रोज एक ओळ लिहिण्याचा नेम धरला आहे. ओळ एकच. दोन सुचल्या तरी एकच. दुसरी उद्यासाठी ठेवावी. ह्या चार महिन्यांत बहुतेक सारे मोठे सण येऊन जातात, हा नेमाचा लाभ. उद्यापनाला मी घरातल्या एखाद्या मुलीला कोरी वही देते. धर्माच्या नावाखाली हे खपविते म्हणून कोणी मला दोष देईल तर देवो. ज्ञानेश्वरीचे पारायण मीही करते, आणि दोन्ही नेम मला सारख्याच गरजेचे वाटतात.

एक दिवस मात्र ह्या नेमास सुट्टी आहे. दसऱ्याला आपण पाटीवर सरस्वती काढतो, पुस्तके मांडतो, लेखणीला गंध-फूल वाहतो. त्या दिवशी वही पूजेत असते. आमची नातवंडे ह्या सुट्टीचा अर्थ अभ्यासाची सुट्टी असा घेतात आणि वर्षातून एकदा सरस्वतीची मनोभावे पूजा करतात. त्या दिवसाची ओळ मी एकादशीला लिहिते. मात्र दिवाळीला तसे नाही. लक्ष्मीपूजनाला व्यापारी वहीची पूजा करतो, पण त्याच दिवसांत त्याचा धंदा सर्वांत जोराचा असतो. पूजा झाली म्हणून त्या दिवाळीचे जमाखर्च तो कोरे ठेवील काय? सणाचाच हिशेब त्याला सर्वांत अधिक सांभाळावा लागतो. पाडव्याला तो नवी वही घालतो आणि पहिली नोंद त्याच मुहूर्तावर करतो. आम्ही गृहिणी मात्र सणाचाच हिशेब सोडून देतो.

लिहिण्यास दिवस नेमलेला असला म्हणजे लिहिणे होते, ह्यास आपल्या वाङ्मयात दाखला आहे. गोपाळ हरि देशमुखांनी सरकारी नोकरी सांभाळून ‘प्रभाकर’ साप्ताहिकात १८४८ ते १८५० पर्यंत जी पत्रे लिहिली, ती ‘शतपत्रे’ म्हणून प्रसिद्ध आहेत. प्रत्यक्षात ती एकशे आठ आहेत. अशी संख्या एका बैठकीत होत नाही. साप्ताहिकाचा अंक थांबत नाही, म्हणून ती होते. आणि गंमत अशी की, जी दिवाळी आपल्या घरच्या वहीला गप्प करते, तिच्याचसाठी उभा महाराष्ट्र लिहीत असतो. ‘मनोरंजन’कर्ते काशीनाथ रघुनाथ मित्र ह्यांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून फराळाच्या ताटाशेजारी अंक ही आपली रीतच पडली. परंतु तो अंक दिवाळीत हाती पडावा म्हणून लेखकांना आपली कथा श्रावण-भाद्रपदातच लिहावी लागते. म्हणजे ऐन गणपतीत, आरत्यांच्या गजरात, दारावर पाहुणे असताना कोणी ना कोणी लिहीत असते, म्हणून आपण चकली खात वाचतो. त्या लेखकांच्या घरच्यांनी त्यांना किती हाका मारल्या असतील, त्याची नोंद मात्र कोठे नाही.

वही-पेन्सिलीचा खटाटोप नको असेल त्यांच्यासाठी भिंतीवरचे कालनिर्णय आहे. १९७३ साली जयंतराव साळगावकरांनी ते सुरू केले, तेव्हापासून त्याच्या चौकोनांत किती घरांचा इतिहास लिहिला गेला असेल! दुधाचे खाडे, गॅसची टाकी, मोलकरणीची रजा, मुलांच्या परीक्षा. पण नीट पाहावे म्हणजे दिसेल की, सणाच्या दिवसाचा चौकोन छापील मजकुरानेच भरलेला असतो. आपल्या अक्षराला तेथे जागाच उरत नाही. आमच्याकडे मी त्या चौकोनांतून एक रेघ बाहेर ओढून समासात लिहिते. नातू म्हणतो, आजी, तुझ्या गौरीला शेपूट आहे.

सध्या पितृपंधरवडा आहे. परवा आमच्याकडे महालय झाला. गुरुजी पिंडावर पाणी सोडवीत नावे विचारीत होते. आई, आजी, पणजी. पणजीचे सासरचे नाव सांगितले गेले. तिचे माहेरचे नाव काय होते, हे घरात कोणालाही ठाऊक नव्हते. गुरुजींना त्याची जरूर नव्हती, म्हणून विधी पुढे गेला. मी मात्र त्या पानावर अडकून राहिले. ती कोणाची मुलगी, कोठली, तिला पहिल्या मंगळागौरीला काय मिळाले, हे सारे एका पिढीला ठाऊक होते; आणि ‘सर्वांना माहीत आहे, लिहावयाचे काय?’ म्हणून ते गेले. आरंभ करावयाचा तर हा पंधरवडा चांगला. शुभकार्ये बंद असतात, पाहुणे नसतात, संध्याकाळ लवकर होते. घरात जे कोणी सर्वांत वडील असेल त्यांच्यापाशी बसून एकेक नाव लिहून घ्यावे. घटस्थापनेपर्यंत हाताला वळण पडते. मग अष्टमीला घागरी फुंकताना जरी घर दणाणून गेले तरी ओळ लिहिली जाते, असा माझा अनुभव आहे.

ह्या वर्षीच्या गौरीचे सांगावयाचे राहिले. मी आता सत्तरी ओलांडली; त्या दिवशी दुपारी पाय सुजले म्हणून मला आत निजविले, आणि माझी ओळ लिहावयाची राहिली. रात्री दहा वाजता धाकटी सून सगळे आवरून आली. पहाटेपासून ती उभी होती, डोळे मिटत होते. तिने खुंटीवरची वही काढली. माझ्या ओठांवर शब्द आले होते, ‘आज राहू दे, उद्या लिही.’ जीभ चावली. तिने उभ्याउभ्याच काही खरडले, दिवा मालविला आणि निजावयास गेली.

सकाळी मी चष्मा लावून वाचले. ‘गौरी. पंक्तीला एकोणीस. घाटले तळाशी लागले. आईंना सांगितले नाही.’